मेलेल्या पाववाल्याला वन्स मोअर

“वन्स मोअर! अरे, वन्स मोअर!” काका असे गरजले की वाचनालयाच्या माडीवरचे पंखे उलटे फिरले, आणि आरे-वारेच्या किनाऱ्यावर वाळत घातलेली मासळी उठून परत समुद्रात गेली म्हणतात.

भाड्याच्या टीव्हीवर परदेशातला एक जुना गाण्यांचा सिनेमा लागला होता. त्याचा नायक एक पाववाला. छातीत गोळी लागल्यावर चांगलं दोन पानी गाणं म्हणून तो नुकताच गतप्राण झाला होता. सीडीचा रिमोट माझ्या हातात. मी बँकेत कारकून, बत्तीस वर्षांचा घोडा; पण दर वैशाखात काकांच्या बागेतली हापूसची पेटी आमच्या घरी येते. मी निमूट सीडी मागे नेली. पाववाला उठला, गायला, परत मेला.

हा सगळा घाट पहिल्या रांगेतल्या सरांसाठी होता. सर उत्सवातल्या नाट्यस्पर्धेचे परीक्षक. तीन वर्षं त्यांनी काकांना दुसऱ्या बक्षिसावर ठेवलेलं. संगीत नाटकातला काकांचा सेनापती रणात पडायचा आणि वन्स मोअर आला की धूळ झटकून तेच पद पुन्हा म्हणायचा. एका वर्षी तो पाचदा उठला. मारणारा कंटाळून चहाला निघून गेला. सरांचा शेरा होता, ‘गाणी फार. मरण पटत नाही.’ आता काका अडुसष्टचे. डॉक्टरांनी गळ्याला एवढा एकच हंगाम दिलेला. पहिलं बक्षीस मिळायचं तर यंदाच. म्हणून सरांना दाखवायचं होतं, की तिकडचं सर्वांत मोठं बक्षीस मिळवलेल्या या सिनेमातलेही ऊठसूट गातातच.

आणि गातात हो! पाव भाजताना गातात, लढाई लागली तर फौजेला थांबवून गातात. पोस्टमन पत्र देत नाही, गाऊन दाखवतो. मला विचाराल तर ते बक्षीस गोष्टीला नव्हतंच. तीन तासांत एकालाही ठसका लागला नाही, त्याचं होतं.

शेजारी काकू पदराने डोळे पुसत होत्या.

“काकू, गोष्ट कळली का?”

“गोष्ट कशाला हवी मेल्या? चाल बघ ना काय आहे!”

चौथ्या वन्स मोअरला पाववाला उठला, तसे काका खुर्चीवर चढले. “बघा सर! हासुद्धा उठतो! आणि ह्याला पहिलं बक्षीस! आता चारचौघांत सांगा, योग्य की अयोग्य?”

सरांनी चष्मा पुसला, घडी करून रुमाल खिशात ठेवला.

“बक्षीस योग्यच आहे,” ते म्हणाले. “पण तो उठला नाही. तुम्ही त्याला उठवलंत.”