एका लॉटची दोन टोपणं

“मॅडम, ही दोन टोपणं एका लॉटची न्हाईत,” अंबादास म्हणाला.

दुपारचे तीन वाजले होते. बाहेर मोतीबिंदू शिबिराची रांग होती आणि माझे पाय भरून आले होते. मुलांनो, तुमची आजी सोलापुरात डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट होती, म्हणजे डॉक्टरांच्या आधी नजर तपासणारी.

अंबादास चादरीच्या कारखान्यात चेकर. एका वेळी रंगवलेलं सूत म्हणजे एक लॉट. दोन लॉट मिसळले की चादरीत पट्टा दिसतो. तो पकडणं हे त्याचं काम. पण तो चांगल्याच चादरी बाजूला काढू लागला, म्हणून दोन महिन्यांपूर्वी मालकाने त्याला माझ्याकडे पाठवलं होतं. मी ठिपक्यांत आकडे लपवलेलं पुस्तक दाखवलं. त्याने सगळे आकडे वाचले. मी लिहिलं, “कलर व्हिजन नॉर्मल.” तो कागद बघून मालकाने त्याला कामचुकार ठरवलं. आता नोकरी जायची वेळ आली, म्हणून तो बायकोला घेऊन परत आला होता.

“दाराला धडकतंय हे,” त्याची बायको म्हणाली. “आन् मला म्हणतंय, दारच सरकलं!”

“तू गप की गं.”

डॉक्टरांनी दारातून डोकावलं. “बाई, यांचं पुस्तक झालंय ना? रांग बघा.”

“पाच मिनिटं, डॉक्टर.”

मग मी औषधाच्या बाटल्यांची दोन लाल टोपणं घेतली. अंबादासने डावा डोळा झाकून माझ्या नाकाकडे बघायचं. नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक टोपण. तेव्हा तो लॉटचं बोलला. मला वाटलं, एखादं टोपण उन्हाने विटलं असेल. मी त्यांची अदलाबदल केली.

“आता?”

“उजवीकडचंच विटकं हाय की.”

मग उजवा डोळा झाकला.

“आता डावीकडचं.”

मी स्टुलावर बसले. मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यावर दोन्ही डोळ्यांच्या नसांची फुली असते. ग्रंथीत गाठ झाली की फुलीवर खालून दाब येतो आणि दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू जाऊ लागते. अंधार नंतर येतो, आधी लाल रंग फिका पडतो.

डॉक्टरांना सांगितलं. ते रांग सोडून आत आले. “फील्ड करा,” एवढंच म्हणाले. फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे कडेची नजर मोजणाऱ्या तपासणीत, दोन्ही कडा काळ्या आल्या, एमआरआयमध्ये गाठ दिसली. नाकातून ऑपरेशन झालं.

डावा डोळा बराचसा सुधारला. उजव्याची कड परत आली नाही. मी नवा कागद लिहून दिला, त्यावर मालकाने त्याला पॅकिंगला ठेवलं. चेकरचं टेबल मात्र गेलं.

माझ्या त्या दोन महिन्यांनी त्याची नेमकी किती नजर नेली, हे कुणालाच सांगता येत नाही. पुस्तक समोरचं विचारतं, आणि कडेचं मी विचारलं नव्हतं. पेशंट तीच तक्रार घेऊन परत आला, तर त्याच्या डोळ्यांआधी आपला जुना कागद तपासावा.