बारा हातांची घरगाडी

समजा, तुमच्यासमोर एक मोटर उभी आहे. बारा हात लांब, साडेचार हात रुंद. पुढे ड्रायव्हरची जागा, मागे लाकडी डबा, आणि त्या डब्यात राहण्याची सगळी सोय: भिंतीला दुमडून ठेवता येतील असे दोन बाक, साखळीवर उघडणारं टेबल, कोपऱ्यात स्टोव्ह, छपराखाली पाण्याची टाकी, जाळीच्या दोन खिडक्या. हीच गाडी तुम्हाला एक हात लांबीची करायची आहे. फूटपट्टी नाही, कागद नाही. एक सुतळी आहे, वासला आहे, पटाशी आहे आणि स्वतःची बोटं आहेत. शिवाय गाडीच्या ड्रायव्हरला काही कळू द्यायचं नाही, कारण ती त्यालाच भेट द्यायची आहे. सुरुवात कुठून कराल?

मी चाकांपासून केली असती. डिप्लोमाच्या वर्गात आम्हाला तसंच शिकवलं होतं, आधी पाया. दुधरामजी कापगते यांनी सुरुवात मागच्या दरवाज्यापासून केली.

"त्या दरवाज्यातून घुसताना श्यामलालले वाकावं लागे," त्यांनी मला सांगितलं. श्यामलाल म्हणजे तो ड्रायव्हर. "मी म्हनलो, गाडी लहान झाली तरी तेवढा वाकना तिच्यात आला पायजे."

१९५९ मध्ये पाटबंधाऱ्याच्या कामावर ओव्हरसियर म्हणून मी सौंदडजवळच्या या गावी आलो, तेव्हा ती लहान गाडी त्यांच्या घरात धान्याच्या ढोलीशेजारच्या फळीवर होती. मी न राहवून खिशातली पट्टी काढली आणि मोजली. लांबी, रुंदी, दरवाजा, खिडक्या, सगळं बरोबर बाराव्या हिश्शाचं. कुठेही एक दशांश इंचापेक्षा जास्त चूक नव्हती. मी त्यांना तसं म्हणालो. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

"माप चुकलं नाही, जी," ते म्हणाले. "चुकलं ते दुसरंच."

दुधरामजी कोहळी समाजाचे. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधण्याचं काम चालत आलेलं. त्यांचे वडील उदारामजी तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, घालण्याआधी अंगणात चिखलाचा छोटा तलाव करून पाहत. त्याचं माप ठरलेलं: खऱ्या कामाच्या एका हाताला दोन बोटं. चोवीस बोटांचा हात, म्हणून बाराव्या हिश्शाचं काम. दुधरामजींनी गाडीला हेच माप लावलं. आणि वडिलांची दुसरी एक रीतही त्यांनी तिला लावली. ही सगळी गोष्ट त्या दुसऱ्या रीतीची आहे.

पाळ बांधून झाली की गावाचा जमीनदार, मालगुजार, नारळ घेऊन येई. उदारामजी नारळ घेत नसत. "आता नाही," ते म्हणत, "एक पावसाळा जाऊ द्या. आधी पानी पाहील, मग तुमी पाहा." पाळ चार महिने पाण्याचा भार सोसून दिवाळीनंतर उभी राहिली, तरच ते ती सोपवून देत. तोवर पाळ त्यांची आणि दोषही त्यांचा.

दुधरामजींनी मोठा तलाव कधी बांधला नाही. ते धानाची शेती करत, जुन्या पाळी दुरुस्त करत, आणि तलावातलं पाणी सोडायच्या मोरीची लाकडी बुचं त्यांच्यासारखी कुणाला जमत नसत. पण रीत त्यांनी सोडली नाही. हातून झालेली कुठलीही वस्तू एक पावसाळा घरात राहिल्याशिवाय उंबरठ्याबाहेर जात नसे. बैलबंडीची धुरा असो की शेजाऱ्याचा पाट असो.

"आमच्या वच्छलाचा पाळणा केला होता यायनं," त्यांची बायको नंदाबाई मला म्हणाल्या. "पोरगी चालाले लागली तवा मले भेटला. मंग मी त्यात कोंबड्या बसवल्या."

"कोंबड्या पडल्या काय त्यातून?" दुधरामजी म्हणाले.

मालगुजारी गेली आणि गावोगावचे तलाव सरकारकडे आले. किती तलाव, किती पाणी, हे सरकारला मोजायचं होतं. त्या मोजणीच्या कामाला १९५१ च्या हिवाळ्यात ही गाडी पहिल्यांदा गावात आली. लढाईनंतर लष्करानं मोडीत काढलेला ट्रक, त्यावर चढवलेला हिरवा डबा. लोक तिला घरगाडी म्हणू लागले. दरवर्षी दिवाळी ते शिमग्याच्या दरम्यान ती येई आणि पाळीखालच्या मोहाच्या झाडाजवळ पंधरा-वीस दिवस मुक्काम करी. पाच वर्षांत साहेब चार बदलले. ड्रायव्हर मात्र एकच, श्यामलाल.

श्यामलाल मूळचा आमगावचा. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, घर भावकीत गेलं होतं. एक बहीण होती, चंद्रकांता, गोंदियाला लागून मुर्रीत दिलेली. बाकी त्याचं जे काही होतं ते या गाडीत होतं. एका बाकाखाली त्याची ट्रंक, आरशामागे बायकोचा फोटो. साहेब दिवसभर दुर्बीण लावून पाळीवर फिरत आणि श्यामलाल गाडी पुसत बसे. दुधरामजी तिथे जाऊन बसत. साहेबांची दुर्बीण जे सांगे ते दुधरामजी पायांनी सांगत: इथे पाळ चार बोटं खचली आहे, तिथे पाणी पाझरतं. श्यामलाल ते साहेबाच्या आकड्यांशी ताडून पाही आणि हसे.

"तेरे पैर में मशीन है क्या रे?"

"तुह्या गाडीत घर आहे, त माह्या पायात मशीन काऊन नसंन?"

अशी त्यांची मैत्री. चिखलाच्या तलावाची, एका हाताला दोन बोटांची गोष्ट दुधरामजींनी त्याला अशाच एका दुपारी सांगितली होती.

१९५६ च्या माघात श्यामलाल म्हणाला, हे गाडीचं शेवटचं वर्ष. इंजिन थकलं आहे, सरकार ती मोडीत काढणार आहे. त्याचीही नोकरी संपत आली होती. तो हे सांगताना गाडीचा पत्रा पुसत होता, आणि पुसून झालेली जागाच परत पुसत होता. दुधरामजींनी त्याच दिवशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ते सुतळी घेऊन गेले आणि श्यामलाल पोळ्या शेकत असताना गाडी मोजू लागले. प्रत्येक मापाला सुतळीवर एक गाठ.

"काय मोजून राहिला?" आतून श्यामलालनं त्यांच्याच बोलीत विचारलं.

"काही नाही. गोठ्याले दरवाजा बसवाचा आहे."

"गोठे में मोटर बाँधेगा?"

"म्हैस जाड झाली," दुधरामजी म्हणाले.

माप घरी आलं, बोटांत बसलं, लाकडावर उतरलं. एकदा माप ताडायला ते सुतळी परत गाडीपाशी घेऊन गेले होते, त्यानंतर ती कुठे पडली ते मात्र त्यांना आठवेना. काम झालं होतं, त्यांनी शोधली नाही.

गाडी शिवणीच्या लाकडाची. हलकं असतं आणि पटाशीला फाटत नाही. छप्पर रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचं, खिडक्यांना जुन्या चाळणीची जाळी. टेबलाची साखळी नंदाबाईंच्या पायातल्या तुटलेल्या तोरडीची. रंग श्यामलालचाच, बंडीला लाव म्हणून त्यानं उरलेला हिरवा रंग आदल्या वर्षी दिला होता. बाक खरोखर खाली येत आणि खाली आले की टेबलाला घासत नसत. हे साधायला फाल्गुन आणि चैत्र गेले. आरशामागे करंगळीच्या नखाएवढी चकतीही होती, फोटोच्या जागी. ज्येष्ठ लागता लागता गाडी तयार झाली.

आणि ज्येष्ठातच श्यामलाल आला. मोठी गाडी गोंदियाला जमा करायला निघाली होती. साहेब आधीच रेल्वेनं गेले होते. श्यामलालनं गाडी दुधरामजींच्या दारासमोर थांबवली, खाली उतरला आणि बॉनेट उघडलं.

"इंजन गरम हो गया है," तो म्हणाला.

गाडीचा आधीचा मुक्काम तीनच मैलांवर होता. दुधरामजींनी इंजिनाजवळ हात नेला. "गरम त नाही लागत."

"अंदर से है."

तो दारासमोरच्या झाडाखाली बसला. नंदाबाईंनी ताक आणलं. देताना त्या नवऱ्याकडे पाहत होत्या. मग त्या आत गेल्या आणि दुधरामजींना हाक मारली.

"देऊन टाका ना जी ते," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"पावसाळा नाही पाहला तिनं अजून."

"ते का पाळ आहे फुटाले?"

"सांधा उघडला त त्याच्या हातात उघडंन. माह्या हातात उघडला पायजे."

ते बाहेर आले. लाकडी गाडी ढोलीमागे होती, दारापासून आठ पावलांवर. आठ, हे त्यांनी नंतर मोजलं. मला सांगताना त्यांनी परत एकदा चालून दाखवलं.

श्यामलाल अर्धा तास बसला. पाऊस लांबणार का, धानाचं बी कुठून आणलं, असं काहीबाही विचारत होता. मग उठून नंदाबाईंना म्हणाला, "भाभी, मेरा कुछ रह तो नहीं गया तुम्हारे यहाँ?"

नंदाबाईंनी ताकाचा पेला उचलला. दुधरामजी म्हणाले, "दिवाळीनंतर येतो मी. मुर्रीले. नक्की येतो."

"दिवाली के बाद?"

"हो."

श्यामलालनं बॉनेट बंद केलं. "आना फिर," म्हणाला, आणि वाकून नव्हे, पुढच्या दारातून गाडीत बसला. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झालं.

दुधरामजींची भीती खोटी नव्हती. श्रावणात लाकूड फुगलं आणि मागचा दरवाजा अडकला. जोर लावला तर बिजागरी निघाली असती. त्यांनी तो उन्हं पडेपर्यंत तसाच ठेवला, मग कडा तासली, सुताएवढी फट ठेवली, परत रंग दिला. भादव्याच्या झडीत ती फट पुरली. दरवाजा एका बोटानं उघडत होता. ते समाधान त्यांना फार झालं. "बाप असता त नारळ घेतला असता," असं ते तेव्हा नंदाबाईंना म्हणाले होते.

दिवाळीनंतर गाडी धोतरात गुंडाळून ते सौंदडला छोट्या रेल्वेत बसले. मांडीवर गाडी. समोरच्या एकानं विचारलं, "खेळणी विकाले चालले काय बाजारात?"

"विकाची नाही. पोचवाची आहे."

मुर्रीत घर सापडायला वेळ लागला नाही. चंद्रकांताबाई अंगणात धान वाळवत होत्या. दुधरामजींनी नाव सांगितलं. त्यांनी आधी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"भैया तो पोले के दूसरे दिन चले गए," त्या म्हणाल्या. "बुखार था। बीस दिन रहा।"

दुधरामजी गाडी तशीच धरून उभे राहिले.  चंद्रकांताबाई आत गेल्या आणि एक सुतळी घेऊन आल्या. गाठींची सुतळी. तिच्यात पाच टायर ओवलेले होते, रबराचे, साडेतीन बोटांचे. मोठ्या गाडीच्या फाटक्या टायरमधून कापलेले, कडेला चाकूनं नक्षीही उठवलेली.

"बुखार में भी काटते रहते थे। मैं बोली, भैया, चप्पल का कारखाना खोलोगे क्या? बोले, दुधराम आएगा दिवाली के बाद, उसको देना। चक्के उसने लकड़ी के लगाए होंगे। और बोले, स्टेपनी तो वो भूला ही होगा।"

दुधरामजी स्टेपनी विसरलेच होते.

त्यांनी धोतर सोडलं आणि गाडी त्यांच्यासमोर ठेवली. चंद्रकांताबाईंनी मागचा दरवाजा उघडला आणि डोकं खाली करून आत पाहिलं. गाडी ठेवून घ्या, असं दुधरामजींनी म्हटलं. चंद्रकांताबाईंनी नको म्हणून मान हलवली. "घर में बच्चे हैं, दो दिन में तोड़ देंगे। तुम रखो।" मग त्यांनी दुधरामजींना जेवू घातलं. संध्याकाळच्या गाडीनं ते परत आले.

आता ती गाडी फळीवर आहे, लाकडी चाकांवर. टायर सुतळीसकट वरच्या खुंटीला टांगलेले आहेत. मी एकदा उत्साहानं म्हणालो की दोन खिळे आणि एक पट्टी द्या, स्टेपनी अडकवायचा आकडा मी करून देतो. चारही टायर बसतील असे आहेत, मी मोजले आहेत. दुधरामजींनी माझ्या हातातून सुतळी घेतली आणि परत टांगली.

"बसवले त गाडी पुरी होते," ते म्हणाले. "पुरी झाली त द्यावी लागते."

मोजमापाचं कोडं त्यांना नाही. श्यामलालला सुतळी गाडीत सापडली असणार. दोन बोटांचं माप त्यांनीच त्याला सांगितलं होतं. गाठी पाहून त्यानं हिशेब लावला असणार, हे मीही सांगू शकतो. नंदाबाई म्हणतात, विसरा आता. पण पाळीवर माझ्याबरोबर फिरताना, कुठे चार बोटं खचली आहे ते पायानं दाखवताना, ते मध्येच थांबतात. पहिल्यांदा थांबले तेव्हा मला वाटलं, पाळीत काही दिसलं.

"तुमी शिकलेले आहा, साहेब," ते म्हणाले. "त्याले सगळा मालूम होता. माह्या दारात अर्धा तास बसला. थंड इंजनाले गरम म्हनला. मंग एका शब्दानं मांगतली काऊन नाही त्यानं?"