अंडर रेस्ट

माझी बायको सातवी शिकलेली, पण इंग्रजीतले दोन शब्द ती ज्या तोऱ्यात म्हणायची तो तोरा एखाद्या कलेक्टरलाही जमला नसता. ते शब्द म्हणजे अंडर रेस्ट.

मी रेल्वेत मालगाडीचा ड्रायव्हर होतो. गोंदियाहून गाडी काढायची, डोंगरगड, दुर्ग, जिकडे पाठवतील तिकडे न्यायची, आणि वेळीअवेळी घरी यायचं. घरी आल्यावर ठरलेले तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असा नियम होता. तेव्हा मोबाइल नव्हते. ड्युटी लागली की कॉलवाला सायकलवर क्वार्टरला यायचा आणि सही घेऊन जायचा. पण गाड्या फार आणि ड्रायव्हर कमी, म्हणून तो बरेचदा माझे तास पुरे व्हायच्या आधीच दारात हजर. मग बायको पदर खोचून उंबऱ्यावर उभी राहायची.

"अंडर रेस्ट आहेत."

"भाभी, ऊपर से बहुत प्रेशर है. गाडी खडी है."

"खडी आहे तर राहू दे खडी. वरच्याले पाठव इथं, मी बोलतो त्याच्याशी."

कॉलवाला हसायचा, पाणी प्यायचा आणि दुसऱ्या ड्रायव्हरच्या दाराकडे सायकल वळवायचा. आमची एकुलती एक मुलगी पायरीवर बसून अभ्यास करत हे सगळं ऐकायची. नव्याण्णव साल असेल, ती पाचवी-सहावीत होती. मी आत पांघरूण ओढून झोपेचं सोंग घ्यायचो. खरी झोप त्या दोघांच्या बोलण्यानं केव्हाच उडालेली असायची.

हा नकार आम्हाला कधी महागात पडला नाही, त्याला कारण युनियन. एकदा एका नव्या साहेबानं याच गोष्टीवरून मला चार्जशीट दिली होती. दुसऱ्या दिवशी आमचे दहा-बारा जण त्याच्या खोलीत जाऊन उभे राहिले, आणि चार्जशीट मागे घेतल्याशिवाय हलले नाहीत. गाव करी ते राव न करी म्हणतात ते काही उगाच नाही. पुढे मीही युनियनमध्ये बोलायला लागलो. माझं गेटवरचं भाषण ठरलेलं असायचं. दरेकसाच्या चढावर भरलेली मालगाडी एका इंजिनाला ओढवत नाही, मागून दुसरं इंजिन लावतात, त्याला आम्ही बँकर म्हणतो. "भाऊ, युनियन म्हणजे बँकर! सपाटीवर त्याची आठवण येत नाही. पण चढ लागल्यावर बँकर कुठून आणशील?" टाळ्या पडायच्या. मुलीनं हे भाषण इतक्या वेळा ऐकलं होतं की ती माझी नक्कल करून दाखवायची.

मी रिटायर होता होता गोंदियाजवळ बिरसीला विमान चालवायचं शिक्षण सुरू झालं. मुलगी हट्टाला पेटली, माझा फंड तिच्या हट्टात गेला, आणि एक दिवस खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावून ती दारात उभी राहिली. एका खासगी कंपनीत को-पायलट. सौंदडहून माझे भाऊ धानाची कामं टाकून तिला बघायला आले होते. थोरल्यानं तिच्या पट्ट्यांना हात लावून पाहिला आणि म्हणाला, "बापा, आता हिले अरेतुरे कसं म्हणाचं?"

अशीच एकदा ती सुट्टीवर आली होती. जेवताना म्हणाली, "बाबा, आमच्यात युनियन आहे. मी मेंबर होऊ काय?"

आणि मी, ज्यानं उभा जन्म गेटवर घसा फोडला, तो म्हणालो, "काही गरज नाही."

माझ्याकडे कारणं होती, आणि ती आजही मला अगदीच टाकाऊ वाटत नाहीत. रेल्वे सरकारी होती, तिथं माणसाला काढायचं म्हटलं तर साहेबाचेच जोडे झिजायचे. खासगी कंपनी एका ईमेलवर घरी बसवते. शिवाय बिरसीसारख्या ठिकाणाहून दरवर्षी पोरं लायसन घेऊन बाहेर पडतात, तुझी जागा घ्यायला रांग लागलेली आहे. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? तिच्या बरोबरीच्या पायलटांचंही म्हणणं असंच होतं. आपण काय हमाल आहोत का, आपल्याला कशाला युनियन, असं ते कॉकपिटमध्ये बोलायचे. आणि युनियनमध्ये जे होते ते बहुतेक जुने कॅप्टन. आपल्या सीनियॉरिटीसाठी भांडायचे, को-पायलटांना मीटिंगमध्ये मागची खुर्ची. हे तिनंच सांगितलं.

"मग त्या मागच्या खुर्चीसाठी कायले जीव टाकून राहिली?" मी विचारलं.

"बाबा, बँकर मागूनच ढकलतो ना?" ती म्हणाली.

बायको तोंडाला पदर लावून हसली. मी भडकलो. भिंतीवरच्या फोटोखाली लिहिलेलं 'संघटित व्हा' आमच्या वस्तीत पाळण्यातल्या पोरालाही पाठ असतं, आणि त्याच भिंतीला टेकून मी पोरीला दटावत होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण मुलगी आपली असली की माणूस पाषाणच होतो. तिनं विषय सोडला. मला वाटलं, ऐकलं.

काही महिन्यांनी ती न कळवता घरी आली. बॅग ठेवली आणि म्हणाली, "मले रोस्टरवरून काढलं. चौकशी आहे."

झालं होतं असं. आठवडाभर पहाटेच्या ड्युट्या, त्यात आदल्या दिवशी विमान उशिरा उतरलेलं. दुसऱ्या दिवशी विश्रांतीचे तास पुरे व्हायच्या आधीच हॉटेलात फोन आला, तयार व्हा. ही म्हणाली, माझी विश्रांती पुरी नाही, मी येणार नाही. तिला वाटलं, पलीकडचा माणूस जरा कुरकुरेल आणि दुसऱ्या पायलटला फोन लावेल. आमच्या पायरीवर बसून तिनं तेच तर पाहिलं होतं. पण पलीकडे आमचा कॉलवाला नव्हता. विमान रखडलं, लोकांनी आरडाओरडा केला, आणि सगळा ठपका हिच्यावर आला.

मी घाबरलो. डोळ्यासमोर एकच गोष्ट, या पोरीला आता कोणी विमानात बसू देणार नाही. "माफी लिहून दे," मी म्हणालो. "चुकलं म्हण, पुन्हा होणार नाही म्हण. कोणी शिकवलं तुले असं तोंडावर नाही म्हणायले?"

बायको चुलीपाशी भाकरी थापत होती. ती मागे न वळताच म्हणाली, "मी शिकवलं. इतकी वर्षं दारात उभी राहून कोणासाठी नाही म्हणत होतो जी मी?"

मग मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, मी एकटी नाही जाणार चौकशीले. मी मेंबर झालो आहे. तुम्ही नाही म्हणले, त्याच महिन्यात."

मला राग आला, आणि त्याच क्षणी छातीवरचा दगडही थोडा सरकला. दोन्ही एकदम कसं होतं ते मला सांगता येणार नाही. रात्री जेवलो मात्र पोटभर.

चौकशी मुंबईला होती. त्या दिवशी मला घरात बसवेना. मी स्कूटर काढली आणि पार तिरोड्याकडे, बोदलकशाच्या तलावावर मासळी आणायला गेलो. मासळी गोंदियाच्या बाजारातही मिळते, हे बायकोनं सांगून पाहिलं. तलावाच्या पाळीवर मोबाइलला रेंज नव्हती. तीच माझ्या मनाची सोय होती.

परतलो तेव्हा बायको अंगणात उभी होती. "झालं जी," ती म्हणाली. "घेतलं परत. परवापासून ड्युटी."

मी मासळीची पिशवी खाली ठेवली आणि तिथंच मटकन बसलो. रडू आवरेना. बायको शेजारी येऊन बसली. तेवढ्यात मांजरीनं पिशवी ओढत नेली. ती आम्हा दोघांनाही दिसली, पण उठलं कोणीच नाही.

मुलीनं नंतर फोनवर सगळं सांगितलं. तिच्या दोन बाजूंना युनियनचे दोघं बसले होते, एक पांढऱ्या मिशांचा कॅप्टन आणि एक बाई. कॅप्टननं एवढंच म्हटलं, विश्रांती पुरी नसली तरी पायलटनं विमान न्यावं, असं कंपनीनं सहीनिशी लिहून द्यावं, आम्ही आत्ता माफी मागतो. तसं लिहून द्यायला कोणी तयार झालं नाही. समज देऊन तिला सोडलं. ती एकटी असती तर माझ्या सांगण्याप्रमाणे माफी लिहून बसली असती, आणि पुढच्या प्रत्येक फोनला हो म्हणत राहिली असती. युनियनचा पायलटला फायदा काय, असं आता कोणी मला विचारलं तर मी भाषण करत नाही. एवढंच सांगतो की त्या खोलीत माझी पोर एकटी नव्हती.

पुढं दिवाळीत ती घरी आली. दुपारी जेवून आतल्या खोलीत झोपली. तिचा मोबाइल माझ्यापाशी बैठकीत राहिला होता, तो वाजला. कंपनीचा माणूस होता. सुट्टी मोडून उद्या पहाटे ड्युटीला येतील का मॅडम, प्लीज, ऊपर से प्रेशर है.

त्या शब्दांनी मी ताठ झालो. इतकी वर्षं हे वाक्य मी पांघरुणाखालून ऐकलं होतं. उठलो, का कोण जाणे, आणि उंबऱ्यावर जाऊन उभा राहिलो.

"मॅडम अंडर रेस्ट आहेत!" मी गरजलो. "तास पुरे झाले की करतील फोन."

पलीकडचा माणूस "ओके सर" म्हणाला.

आतून बायकोचा दबका आवाज आला, "एवढ्या जोरानं कायले बोंबलून राहिले जी? पोरगी झोपली आहे ना."