वाटाड्यावाचून पहिली शिकार

शनिवार, १४ जून २०२५, सकाळचे सहा. फ्लॅट बुश उपनगरातल्या आमच्या घराच्या गॅरेजचे दार मी वर ढकलले, दोन्ही कुत्री गाडीत चढवली आणि दक्षिणेकडे निघालो. रानडुकराच्या शिकारीला मी प्रथमच स्वतःची कुत्री नेत होतो.

त्यापूर्वी एकदाच गेलो होतो, पैसे मोजून, वाटाड्याबरोबर. कुत्री त्याची, डोंगर त्याच्या पायाखालचा. त्याच्या कुत्र्यांनी डुक्कर शोधले, अडवले, धरले. शेवटी सुरी तेवढी माझ्या हातात आली. मी त्यांना हाक मारली तर त्यांनी मानही वळवली नाही. पाहुण्यासारखा गेलो आणि पाहुण्यासारखा परतलो. त्यानंतर मी एक पिल्लू आणले, पुढे दुसरे. थोरली वासावर जाते. धाकटा भुंकून डुक्कर अडवून धरतो. दोघांना मी स्वतः शिकवले, मराठीत.

इथल्या मराठी मंडळींना हे रुचले नाही. शेजारच्या बॉटनी भागातल्या मॉलमध्ये भेटले की कोणीतरी म्हणे, “काका, निवृत्तीनंतर लोक भजनं करतात. तुम्ही डुकरं मारता?”

“भजनाला आवाज लागतो,” मी म्हणे.

मांस घरात आणायचे नाही, एवढीच पत्नीची अट होती, आणि ती मला मान्य होती. शिकार झाली की मांस ज्याच्या शेतावर जायचे त्या शेतकऱ्याचे, असे ठरले होते. त्याच्या कुरणाची डुकरांनी नांगरट केली होती, म्हणून तर त्याने मला परवानगी दिली होती.

आदल्या रात्री कुत्र्यांना जेवण दिले नाही. ती दारापाशी कुरकुरत राहिली. “त्यांना काही देऊ नकोस,” एवढे मी पत्नीला सांगितले. सकाळी निघताना तिने माझ्या तळहातावर दहीसाखर ठेवली. मुलाखत असो, ऑपरेशन असो की विमानप्रवास, आमच्या घरातून कामाला निघणारा माणूस ती खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. मी खाल्ली आणि सुरी, दोर, पाणी आणायला आत गेलो.

शेतावर पोचलो तेव्हा उजाडले होते. शेतकरी फाटकापाशीच उभा होता, इथे जून म्हणजे हिवाळा, तरी त्या कुडकुडत्या थंडीत अर्ध्या चड्डीवर.

“किया ओरा,” त्याने इथल्या रीतीचा नमस्कार केला. “वाटाड्या कुठंय?”

“नाही आणला.”

“मग हरवलास तर शोधायचं कुणी?”

“कुत्री शोधतील.”

“ती घरी जातील, मेट. तू राहशील इथंच.” तो हसत फाटक उघडू लागला.

ओढ्याच्या वरच्या अंगाला थोरलीने वास धरला. दोन्ही कुत्री झाडीत शिरली. थोड्याच वेळाने धाकट्याचे भुंकणे एका जागी स्थिरावले. ते पुढे सरकत नव्हते, याचा अर्थ डुक्कर अडले होते. इतकी वर्षे कुत्र्यांना शिकवायला ज्यासाठी पहाटे उठलो ते समोरच्या उतारावर होते. मी चढू लागलो.

वाटेत थोरली दिसली. ती धाकट्याजवळ असायला हवी होती. पाय फाकवून, मान खाली घालून उभी होती. ओकारीचे उमासे येत होते, पण लाळेखेरीज काही पडत नव्हते. बरगड्यांमागे पोट फुगले होते. टिचकी मारली तर ढोलासारखे वाजले. हे काय आहे ते मला ठाऊक होते. खोल छातीचे कुत्रे भरल्या पोटी धावले की पोटात वायू धरतो, कधी जठरच पिळले जाते. मग काही तासांत सारे संपते. परंतु तिचे पोट रिकामे होते. निदान माझी तशी समजूत होती.

वर धाकटा भुंकत होता. मी एकदा तिकडे पाहिले आणि शीळ घातली. डुक्कर समोर असताना मागे फिरणे हे शिकारी कुत्र्याला सर्वांत अवघड. भुंकणे चालूच राहिले. मग मी हाक मारली, “चल, घरी.” भुंकणे थांबले. झाडी हलली आणि तो माझ्या पायाशी येऊन उभा राहिला.

थोरली तांदळाच्या मोठ्या गोणीएवढी जड आहे. तिला खांद्यावर घेतले आणि उतरलो. धाकटा पुढे चालत होता. ओढ्यापाशी मी वाट चुकत होतो तेव्हा त्याने ती दाखवली.

“डुकराऐवजी कुत्रंच?” शेतकरी लांबून म्हणाला. जवळ आल्यावर त्याने तिचे पोट पाहिले आणि हसू आवरले. “गाडीत बस. मी चालवतो. तू तिला सांभाळ.”

गावातल्या, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, “कधी खाल्लं होतं?”

“काल दुपारी.”

“नक्की?”

मी घरी फोन लावला.

“दहीभात घातला सकाळी,” पत्नी म्हणाली. एक क्षणही थांबली नाही. “तुम्ही आत गेलात तेव्हा. धाकट्यानं तोंड लावलं नाही, सगळा तिनंच खाल्ला. तुम्हाला दहीसाखर आणि त्यांना काही नाही? कामाला तर तीच निघाली होती.” मग आवाज बदलला. “अहो, काय झालंय?”

मी डॉक्टरीणबाईंना भात आणि दही सांगितले. क्ष-किरण चित्रात जठर फुगलेले होते, पिळलेले नव्हते. त्यांनी नळी घालून वायू काढला. “आणखी धावली असती तर पीळ बसला असता,” त्या म्हणाल्या. रात्रभर तिला तिथेच ठेवायचे होते.

संध्याकाळी घरी पोचलो. पत्नी स्वयंपाकघरात बसली होती. ती जेवली नव्हती.

“जगेल,” मी म्हणालो.

तिने डोळे पुसले. “बोलायचं असेल ते बोला.”

मी बोललो. भरले पोट, धावणे, वायू, पीळ, सगळे सांगितले.

“एवढंच सांगायला काल काय झालं होतं?” तिने विचारले.

मी दोन ताटे घेतली. शिळे पिठले होते, दोघे जेवलो. धाकट्याला त्याचे जेवण तिनेच दिले, मला विचारून.

थोरलीला घरी आणल्यावर मऊ भात, थोडा थोडा, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. मी कपाटातून सर्वांत लहान वाटी काढली, धुतली आणि ओट्यावर पालथी घातली.