धुळ्याचा होकार, गावचा नकार

आमच्या थोरल्यांना स्वतःचं असं मत नव्हतंच. थोरले म्हणजे माझे जेठ, यजमानांचे मोठे भाऊ, धुळ्यात वकिली करायचे. समोर जी माणसं बसली असतील त्यांचं मत तेच थोरल्यांचं मत. आणि ते खोटं बोलत नसत, हे त्याहून वाईट. ज्या ओसरीवर बसत, त्या ओसरीचं त्यांना मनापासून पटायचं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं लोक म्हणतात. पण पवळ्याला निदान चार-आठ दिवस लागत असतील. थोरल्यांना पानसुपारी होईपर्यंतचा वेळ पुरायचा.

धुळ्याला आमच्या बैठकीत संध्याकाळी वकीलमंडळी जमत. खादीच्या टोप्या खुंटीवर आणि स्त्रियांची उन्नती जिभेवर. बायका शिकल्या पाहिजेत, विधवांना स्वतःच्या पायावर उभं केलं पाहिजे, हे सगळं मी आत चुलीपाशी बसून ऐकायची, कारण त्या उन्नतीला दर अर्ध्या तासाने चहा लागायचा. सगळ्यांत मोठा आवाज थोरल्यांचा. त्या मंडळींपैकी एकानेही कधी आपली बायको बैठकीत आणून बसवली नाही. बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी, पण जेवल्याचं समाधान मात्र पुरेपूर.

गाव आमचं भडगावच्या बाजूला, गिरणेच्या काठी. श्रावणात कानबाई देवीच्या सणाला सगळं घर गावी जायचं. चाळीसगावला गाडी बदलताना थोरल्यांचा कोट निघायचा. कजगावला उतरून बैलगाडीत बसले की टोपी पिशवीत जायची आणि पागोटं डोक्यावर यायचं. गिरणा ओलांडली की तळहातावर तंबाखू, आणि तोंडात 'काय शे, कसं शे'. बोली आईची होती, तिला मी नावं ठेवत नाही. पण बोलीबरोबर विचारही बदलायचे, आणि ते ठेवायला पिशवी लागायची नाही.

माझी धाकटी जाऊ गावी असायची. लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझा धाकटा दीर तापाने गेला. माहेर धरणगावचं, तिथे तिची सातवी पास झालेली. अशा बाईला आमच्या घराने काय दिलं? जातं, शेण आणि मागची अंधारी खोली. कुणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं, म्हणून घर चांगलं म्हणायचं.

माझ्या बाळंतपणाला ती धुळ्याला आली. दुपारी मला वर्तमानपत्र वाचून दाखवायची, स्वच्छ आणि न अडखळता. एकदा ते बैठकीतल्या मंडळींच्या कानावर गेलं. लगेच थोरले सगळ्यांदेखत म्हणाले, "हिला मास्तरणींच्या वर्गाला घालू. माझ्या घरी राहील, शिकेल, शाळेत नोकरी करेल." मंडळींनी वाहवा केली. मी आतून तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीला धरून उभी होती. त्या दिवसापासून ती पाटीवर उजळणी करायला लागली.

गावी परत गेल्यावर सासूबाईंनी साफ सांगितलं, भाऊबंदांनी हो म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. तेव्हा तिने मनाशी ठरवलं की थोरल्यांनी धुळ्याला दिलेला शब्द कानबाईपुढे पुन्हा द्यावा. आमच्याकडे कानबाईपुढे गेलेला शब्द कुणी मोडत नाही. बाकी कुठे बोललेलं विसरलं तरी चालतं. मला तिने हे सांगितलं तेव्हा मलाही ते बिनतोड वाटलं. अशी चूक खानदेशातलीच माणसं करू जाणोत.

कानबाईच्या नैवेद्याचे रोट घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेऊन करतात, आणि ते भाऊबंदांनीच खायचे असतात. दळायचं काम तिच्याकडे. ज्यांना तिचं काही देणंघेणं नव्हतं त्या सगळ्यांच्या नावाचं तिने त्या वर्षीही दळलं. सोमवारी सकाळी आरती झाली, देवीचा पाट नदीवर न्यायला उचलायचा होता, अंगणात सगळे भाऊबंद बसलेले. ती पदर सावरून दाराशी आली.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही धुळाले जे बोलनात, ते आठे देवीपुढे सांगा."

थोरल्यांच्या शेजारी भाऊबंदांतले सर्वांत वडील आबा बसले होते, ते नुसते खाकरले. तेवढं खाकरणं पुरलं. थोरल्यांनी तंबाखू झटकली, पाठ ताठ केली आणि भरल्या आवाजात सांगितलं, "आपला घरनी बाई दुसरास्ना पोरे शिकाडाले जात नही. कानबाईनी आन शे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. थोरल्यांच्या चेहऱ्यावर तेच समाधान होतं, जे धुळ्याच्या बैठकीत असायचं. मला त्या माणसाची शिसारी आली. लबाड माणूस परवडतो, त्याला आपण कुठे खोटं बोललो हे तरी ठाऊक असतं.

धुळ्याला परतलो आणि आठवड्याच्या आत बैठकीत थोरल्यांचे उसासे सुरू झाले. समाजाची पकड किती घट्ट, माझ्याच घरातली हुशार मुलगी, पण देवीपुढे शब्द गेला, काय करणार. मंडळी हळहळली. मी यजमानांना म्हटलं, तुम्ही तरी भावाला विचारा. ते म्हणाले, मोठ्यांपुढे कसं बोलायचं? एकाच मातीची मडकी. मी चहा गारढोण करून पाठवला. तो मंडळींनी हळहळत प्यायला.

पुढच्या उन्हाळ्यात स्त्रीशिक्षणाची जाहीर सभा भरली. थोरले त्यात बोलणार होते. वकील माणूस, साक्षीदाराशिवाय त्यांचं भाषण उभं राहीना. रूढीने गांजलेली बाई लोकांना डोळ्यांनी दिसावी म्हणून त्यांनी धाकटीला गावाहून बोलावून घेतलं. निमित्त सांगितलं माझ्या दुखण्याचं. मी चिडून तिला म्हटलं, "येऊ नको सभेला. तुझा तमाशा करतील." ती शांतपणे म्हणाली, "करू दे."

सभेत तिला पुढच्या सतरंजीवर बसवलं. थोरले छान बोलले, अगदी मनापासून. दोन-चार बायकांनी डोळे पुसले. टाळ्या थांबायच्या आत धाकटी उभी राहिली आणि पुस्तकातल्यासारख्या शुद्ध मराठीत म्हणाली, "भाऊ म्हणतात ते खरं आहे. तर मग मी या वर्षी वर्गाला जाऊ का? सगळ्यांसमोर सांगावं."

सभा पुन्हा टाळ्या वाजवायला लागली. थोरल्यांनी समोर पाहिलं. तिथे एकही आबा नव्हता. सगळ्या टोप्या खादीच्या होत्या.

"अवश्य जाशील," ते म्हणाले. "कानबाई आईच आहे. लेकीला शिकू नको, असं कोणती आई म्हणेल?"

वर्षभर जी देवी आडवी आली होती, ती एका वाक्यात बाजूला झाली. अध्यक्षांनी थोरल्यांच्या धैर्याची तारीफ केली आणि थोरल्यांनी ती मान लववून घेतली. आपण शूर आहोत असं त्यांना खरोखर वाटत होतं.

घरी आल्यावर मी धाकटीला पोटाशी धरलं आणि हसू लागले. ती हसली नाही. तिने स्वैपाकघराचं दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "अक्का, मन्ही परीक्षा होस तोपावत भाऊले गावले जाऊ देऊ नका."

त्या श्रावणात कानबाईच्या तोंडावर, नागपंचमीला, माझ्या पोटात असं दुखायला लागलं की घरातल्या कुणालाच धुळं सोडता येईना. बाहेर बैठकीत थोरले मंडळींना सांगत होते, गावच्या त्या बुरसटलेल्या वातावरणात मी तत्त्व म्हणून पाऊल ठेवणार नाही. आत मी तोंडावर चादर ओढून कण्हत होते, आणि माझ्या उशाशी बसून धाकटी भूगोल पाठ करत होती.