चेअरमनच्या भिंतीवरची रेघ

चौदा बंगले, तेवीस गाड्या, नऊ कुत्री आणि या सगळ्यांना मिळून एक वॉचमन, अशी ती कॉलनी. वॉचमन म्हणजे आपला दाजी. हे नाव त्याला मेव्हण्यानं दिलं. मेव्हणा रंगारी, तोंडाचा फाटका. बहिणीच्या नवऱ्याला दाजी, दाजी म्हणता म्हणता त्यानं अख्ख्या वस्तीला तीच सवय लावली. कॉलनीत मात्र तो ‘ए वॉचमन’. अकरा वर्षं.

अकरा वर्षं एका जागी स्टुलावर बसलं की माणसाला दुसऱ्यांची घाण पाठ होते. तीन नंबरवाल्याच्या गाडीचं तेल गळतं. सात नंबरची टाकी रोज वाहते आणि भिंतीवर शेळी चरेल एवढं शेवाळ आहे. अकरा नंबरचा कुत्रा नेमका कुठल्या कोपऱ्यात पाय वर करतो, हे अकरा नंबरच्या मालकालाही ठाऊक नव्हतं. दाजीला ठाऊक होतं. आत पाय घसरेल एवढी चमक, बाहेर पाय घसरेल एवढं शेवाळ. पण बाहेरची घाण कुणाची? तर कुणाचीच नाही. मोठ्या लोकांचं असंच असतं. घाण उंबऱ्याबाहेर गेली की ती सरकारची होते.

एकदा सात नंबरनं बाहेरून माणूस बोलावला. तो प्रेशरचं मशीन घेऊन आला, पाण्याच्या धारेनं अर्ध्या दिवसात अंगण लख्ख केलं आणि बिल हातात ठेवून, कुणालाही सलाम न करता निघून गेला. दाजी स्टुलावरून बघत राहिला. घाण काढण्यात त्याला नवल वाटलं नाही, त्याच्या घराण्यात सगळ्यांनी दुसऱ्यांची घाणच काढली होती. नवल वाटलं ते सलाम न करण्याचं.

सहा महिन्यांनी त्यानं गेटची नोकरी सोडली आणि बंद पडलेल्या गाडी-धुलाई सेंटरवरून तसलंच जुनं मशीन उचललं. पैसे बायकोनं दिले. ती घरी शिलाईकाम करायची.

“माझी मशीन तेलाचे चार थेंब मागते आणि गप्प बसते,” ती म्हणाली. “तुमची ही काय काय मागणार आहे?”

“पाणी आणि वीज. दोन्ही गिऱ्हाइकाचं.”

“मग तुमचं काय?”

“माझे हात.”

“ते तर आत्तापर्यंत सलाम ठोकण्यातच गेले,” बायको म्हणाली. “देते पैसे. पण एक लक्षात ठेवा, अहो. परत त्या स्टुलावर बसलेले दिसलात, तर मी तुमच्यासकट ते स्टूल भंगारात घालीन.”

तर एवढ्यावर सगळं टांगलेलं होतं. धंदा चालला तर चालला, नाहीतर पुन्हा तेच गेट, तीच वही, तोच ‘ए वॉचमन’.

नवखा माणूस नवख्यासारख्याच चुका करतो. पहिल्याच गच्चीवर दाजीनं घाईनं धार फिरवली. ओली होती तोवर गच्ची आरशासारखी दिसत होती. मालकानं वाहवा केली. दुपारी वाळली आणि तिच्यावर झेब्र्यासारखे पट्टे उमटले. ओली फरशी खोटं बोलते, वाळली की खरं सांगते, हे त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी फुकटात पुन्हा धुतली. मग एका लाकडी दरवाजावर बारीक नोझल लावलं, तर दरवाजाला मांजरासारखी लव फुटली. तेही निस्तरलं.

चुका सुधारता येतात. माणसांचं काय करायचं? एका बाईनं त्याला पोर्च धुण्याआधी चपला बाहेर काढायला लावल्या. जो पोर्च तो धुवायला आला होता, त्याच पोर्चच्या बाहेर! एक महाशय तर खुर्ची टाकून शेजारी बसले आणि म्हणाले, “पाणी आमचं, वीज आमची. मग तू पैसे कशाचे घेतोस?”

दाजीनं घरी येऊन मेव्हण्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “विचारायचं होतं ना, साहेब, घाणपण तुमचीच, मग ती का देताय?”

“तुला बोलायला काय जातं.”

“मला बोलायलाच येतं, दाजी, म्हणून तर मी उपाशी नाही.”

याच मेव्हण्यानं आणखी एक गोष्ट बजावून सांगितली होती. मशीनच्या गनचा चाप कडक होता. तासभर दाबून धरला की बोटं मुंग्या आल्यासारखी सुन्न व्हायची. दाजीनं युक्ती काढली: सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि चाप दाबलेल्या जागीच बांधून टाकला. आता नुसती गन धरायची, धार आपोआप चालू.

“चाप बांधू नका,” मेव्हणा म्हणाला. “हातातून सुटली तर ती तुमची राहणार नाही.”

“हातातून सुटेल कशाला?”

दाजीला स्वतःच्या हातांची फार खात्री होती. तीच गोष्ट नडली.

कॉलनीचं काम मिळायचं तर चेअरमनच्या दारातून जावं लागणार होतं. चेअरमन म्हणजे एक नंबरचा बंगला, एक नंबरची गाडी आणि बोलणं असं, की कॉलनी त्यांनी स्वतः खांद्यावरून वाहून आणली आहे. कॉलनीच्या मोठ्या गेटचा दाजीला पगार होता. चेअरमनच्या घरचं गेट तो फुकटात उघडायचा. त्यांचा हॉर्न ओळखीचा होता, दोन आखूड आणि एक लांब. तो वाजला की दाजी मोठं गेट सोडून पळत जायचा, जड लोखंडी गेट दोन्ही हातांनी सरकवायचा आणि कपाळाला हात लावून उभा राहायचा. गेली अकरा वर्षं चेअरमनला वाटत होतं, हे त्यांच्या कर्तृत्वामुळे होतं.

“पार्किंग धू आणि गेटसमोरचा उतार धू,” चेअरमन म्हणाले. “काम बघतो. आवडलं तर रविवारच्या मीटिंगला चौदाही बंगल्यांचं वर्षाचं काम तुझ्या नावानं मांडतो. शब्द देतो.”

“आणि बाहेरची भिंत, साहेब? काळी पडली आहे.”

“भिंतीला हात लावायचा नाही. तो नॅचरल लुक आहे.”

नॅचरल लुक! सिमेंटची भिंत, बुरशीनं तव्यासारखी काळी झालेली आणि तिच्यावर पितळेची पाटी, मालकाच्या सहा पदव्यांसकट. शेवाळानं दोन पदव्या खाल्ल्या होत्या. पण पैसेवाल्याच्या भिंतीवर बुरशी आली की तिला इंग्रजी नाव मिळतं.

शनिवारी दाजीनं पार्किंग धुतलं. या वेळी घाई केली नाही, वाळू दिलं, पट्टा दिसला नाही. मग तो बाहेरचा उतार धरून बसला. शेवटचा हातभर राहिला होता. चाप बांधलेला. आणि मागून आवाज आला. दोन आखूड, एक लांब.

दाजीनं विचार केला नाही. विचार केला असता तर त्याला आठवलं असतं की तो आता धंदेवाला आहे, की गाडीत बसलेल्या माणसालाही हात आहेत. हातांनी परस्पर ठरवलं. गन जमिनीवर पडली, दाजी धावला, दोन्ही हातांनी गेट सरकवलं, बाजूला झाला आणि कपाळाला हात लावला.

मागे गन उधळली. शेपटीवर पाय पडलेल्या सापासारखी ती उसळली, उतारावर आपटली, गर्रकन फिरली. पहिली धार उघड्या काचेतून थेट चेअरमनच्या छातीवर. दुसरी भिंतीवर. गन उड्या मारत राहिली आणि भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक वेडीवाकडी पांढरी रेघ ओढत गेली. पाटीखालून, पाटीवरून, कोपऱ्यापर्यंत. हे सगळं होईस्तोवर दाजी सलाम ठोकून उभा होता. चेअरमन निथळत होते आणि तो उभा होता! मग भानावर आला, मशीनकडे झेपावला आणि बटण बंद केलं.

पाणी थांबलं. चेअरमन गाडीतून उतरले. शर्टाकडे बघितलं, मग भिंतीकडे. रेघ बोटभर सुरू होऊन मध्ये वीतभर रुंद झाली होती आणि पुन्हा बोटभर.

“भिंत खराब केलीस!”

“चूक झाली, साहेब. शर्ट...”

“शर्ट मरू दे. ही भिंत बघ. आता ही सगळी धुऊन द्यायची. फुकट. चूक तुझी, भरपाई तुझी.”

दाजीच्या जिभेवर ‘हो साहेब’ तयारच होतं. ते बाहेर पडणार, तेवढ्यात चेअरमनचा आवाज एकदम मऊ झाला. मोठा माणूस मऊ बोलायला लागला की खिसा सांभाळावा.

“हे बघ, तुला जमणारं काम नाही हे. गेट किती छान उघडलंस आत्ता! नवा वॉचमन नुसता झोपा काढतो. तू सोमवारपासून परत ये. मग भिंतीचं मी विसरलो.”

“विचारून सांगतो,” दाजी म्हणाला.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मशीनखालचं कापड कडेपर्यंत शिवलं, दोरा तोडला, मग बोलली.

“विचारून? कोणाला विचारून?”

“तुला.”

“आणि गेट उघडायला धावलात तेव्हा कोणाला विचारलं होतं?”

भिंत खराब झाल्याचं दाजीला दुःख नव्हतं. शर्ट भिजल्याचंही, खरं सांगायचं तर, फारसं नव्हतं. सलाम मात्र आतमध्ये काट्यासारखा रुतून बसला होता. नोकरी सोडली, मशीन घेतलं, छापील कार्डं केली, आणि एका हॉर्नवर सगळं पाण्यात. चेअरमननं त्याला परत बोलावलं नव्हतंच. तो तिथून गेलाच कुठे होता?

संध्याकाळी मेव्हणा भिंत बघून आला. हसून हसून त्याचे डोळे पाणावले होते.

“दाजी, तुम्ही ती रेघ काढली ना, तेवढी सरळ गोष्ट त्या कॉलनीत कुणी कधी केली नाही!”

“चेष्टा पुरे. रेघ बुजवता येईल का?”

“कशानं? काळं फासून? धुतलेलं परत घाण करायचं औषध अजून निघालं नाही. आता एक तर सगळी भिंत धुवायची, नाहीतर ती रेघ मिरवायची.” त्यानं डोळे पुसले. “पण नुकसान काय झालं म्हणे? मला रंगाऱ्याला कळू दे. प्लास्टर उडालं? नाही. तडा गेला? नाही. घाण खराब झाली?”

दाजीनं त्याच्याकडे बघितलं. रात्रभर हा प्रश्न त्यानं तोंडात घोळवला.

रविवारची मीटिंग चेअरमनच्याच हॉलमध्ये होती. दाजी दारात उभा राहिला. खुर्च्या चार रिकाम्या होत्या. बस कुणी म्हणालं नाही. चेअरमननं किस्सा रंगवून सांगितला, सलाम कसा ठोकला तेही करून दाखवलं. हॉल खदाखदा हसला. दाजीचे कान तापले. हसणाऱ्यांत तीन नंबरचा तेलगळका होता, अकरा नंबरचा कुत्रेवाला होता. ज्यांची सगळी घाण त्याला पाठ होती, ते सगळे होते.

“तर ठरलं,” चेअरमन म्हणाले. “भिंत फुकट धुऊन द्यायची, नाहीतर सोमवारी गेटवर यायचं. बोल.”

“दोन्ही नाही, साहेब,” दाजी म्हणाला.

आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

“चाप बांधला, ती चूक माझी. शर्ट भिजला, त्याची माफी मागतो, तो धुऊन इस्त्री करून देतो. गेट उघडायला पळालो, तीही चूक माझीच, ती सगळ्यात मोठी. पण भिंतीचं काय बिघडलं, ते मला सांगा.”

“काय बिघडलं? दिसत नाही? वाईट दिसते!”

“कुठला भाग वाईट दिसतो, साहेब? धुतलेला की न धुतलेला?”

कुणी खोकलं. कुणी चहाचा कप उगाच उचलून खाली ठेवला. चेअरमननं तोंड उघडलं, मिटलं. ‘धुतलेला’ म्हणावं तर वेडे ठरतात, ‘न धुतलेला’ म्हणावं तर इतकी वर्षं बुरशी मिरवली असं ठरतं. शिकलेल्या माणसाला असं दोन्हीकडून अडकलेलं बघणं हे एक सुख आहे आणि ते गरिबाला फार क्वचित मिळतं.

“भिंत धुऊन हवी असेल तर धुतो,” दाजी म्हणाला. “मजुरी घेईन. नको असेल तर राहू दे.”

“हा विषय पुढच्या मीटिंगला,” चेअरमन म्हणाले. म्हणजे कधीच नाही. वर्षाचं काम गेलं, चौदा बंगले गेले. दाजी वळला आणि पायऱ्या उतरला.

सोमवारी चेअरमननं नव्या वॉचमनला तारेचा ब्रश देऊन भिंतीला जुंपलं. तीन दिवस तो घासत होता. रेघेच्या आजूबाजूला खरजेसारखे चट्टे उठले, रेघ आणखी उठून दिसायला लागली. येणारे जाणारे थांबून बघत. पाटीवरच्या पदव्याही आता नीट वाचता येत होत्या, तेवढा मात्र फायदा झाला.

गुरुवारी नऊ नंबरच्या बाई दाजीच्या दारात आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. मीटिंगमध्ये या सगळ्यात मोठ्यानं हसल्या होत्या. त्यांना दाजीचा पुळका आला होता असं कुणी समजू नये. चेअरमनची भिंत गावभर झाली आहे, तोवर आपली उजळून घ्यावी, म्हणजे शेजारी शेजारी फरक दिसेल, एवढाच हिशेब. या लोकांना स्वच्छतेची हौस नसते, दुसऱ्याच्या घाणीची असते. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

“पुढची भिंत आणि अंगण. मंगळवारी ये,” बाई म्हणाल्या. “आणि ते पट्टी बांधणं वगैरे चालणार नाही हं.”

“पट्टी काढून टाकली. हे कार्ड घ्या, दर त्यावर आहे, त्यात कमी-जास्त होणार नाही.”

“बरं बरं.” बाईंना असलं ऐकायची सवय नव्हती. “सकाळी सहाला ये.”

“नऊला येईन,” दाजी म्हणाला. “आणि अंगणातल्या कुंड्या त्याआधी हलवून ठेवा. मी धुवायला येतो, सामान उचलायला नाही.”

आत शिलाई मशीनचा आवाज थांबला होता. बाईंनी कार्ड पर्समध्ये टाकलं आणि निघून गेल्या.

मंगळवारी नऊला दाजी गेला, तर अंगण मोकळं होतं. बत्तीस कुंड्या हललेल्या. बाईंनी त्या सगळ्या नेऊन आठ नंबरच्या दारात लावल्या होत्या आणि आठ नंबरवाला लुंगीवर उभा राहून शंख करत होता. दाजीनं पाइप जोडला, बोट चापावर ठेवलं आणि कामाला लागला.