मुरगूड कुठनं आलं?

“सर, पुस्तक ब्येस झालंय. फकस्त लिहायचं ऱ्हायलंय.”

प्रुफांचा गठ्ठा हातात देताना चाचा असं म्हणायचे आणि शाईनं काळा झालेला अंगठा पोटावर बांधलेल्या फडक्याला पुसायचे. कोल्हापुरातल्या एका छापखान्यात ते कंपोझिटर होते. अर्थशास्त्र असो की वनस्पतिशास्त्र, आम्हा विद्यापीठातल्या प्राध्यापकांची पुस्तकं तेच जुळवायचे. त्यांची स्वतःची शाळा चौथीपर्यंत.

तुम्ही प्राध्यापक जवळून पाहिले असतील तर तुम्हाला माहीत आहे, आम्हाला स्तुतीशिवाय काही पचत नाही. पण चाचांचं ऐकून घ्यावं लागे. इतिहासाच्या एका सरांनी मेलेला राजा दोन वर्षांनी पुन्हा लढाईला पाठवला होता. चाचांनी हस्तलिखित तसंच परत केलं. “ह्येला आधी उठवा, मग जुळवतो,” म्हणाले. सर आठवडाभर छापखान्याकडं फिरकले नाहीत.

त्यांचं जुळवणं बघत राहावं असं होतं. डोळे कागदावर आणि हात खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, खणांवर. दोन शब्द वाचले की उरलेली ओळ हात आपसूक पुरी करी.

दरवर्षी सगळ्या विभागांची नवी पुस्तकं एकाच समारंभात प्रकाशित होत. त्या वर्षी माझं पुस्तक त्यात असायलाच हवं होतं, कारण प्रपाठकपदाची मुलाखत तोंडावर आली होती. विषय आठवडी बाजारांचा. वेळ कमी पडला. खोटं कशाला बोलू, दानत कमी पडली. माझ्या वारलेल्या गुरुजींची मुरगूडच्या बाजारावर एक जुनी पुस्तिका होती. कुणाला ती आठवतही नव्हती. तिच्यातलं आख्खं प्रकरण मी उतरून काढलं आणि मुरगूडच्या जागी पेठ वडगाव घातलं. वडगाव माझं गाव. मला कोण विचारणार?

प्रुफं आली. चाचांनी तीन ठिकाणी ‘मुरगूड’ जुळवलं होतं.

मी ओरडलोच. मालक बाहेर आले. चाचांनी हस्तलिखित डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

“वडगावच हाय की,” ते म्हणाले. “मग मुरगूड कुठनं आलं?”

कुठनं आलं ते मला कळलं. गुरुजींची पुस्तिकाही चाचांनीच जुळवली होती. त्यांना स्वतःला ती आठवत नव्हती, त्यांच्या हाताला आठवत होती. वाक्यं तीच, म्हणून हात जुन्या वाटेनं गेला. चोराच्या मनात चांदणं! मालक अजून जरा विचार करतील, जुन्या पुस्तकांचं कपाट उघडतील, आणि माझं प्रपाठकपद तिथंच संपेल असं मला वाटलं.

“चाचांना दिसत नाही आता,” मी म्हणालो. “नाही ते दिसतंय. असल्या डोळ्यांनी पुस्तकं बिघडतील हो.”

वाटलं, चाचा दोन शिव्या हासडतील. पण ते भ्यायले होते. “तीस वर्सांत असं कवा झालं न्हवतं,” एवढंच बोलले.

महिन्याच्या आत मालकांनी त्यांना घरी बसवलं. डोळे गेलेला कंपोझिटर दुसरा कोण ठेवणार? बातमी आमच्यात आपोआप पसरली. कुणाला फारसं वाईट वाटल्याचं दिसलं नाही. इतिहासाचे सर तर चहा पिता पिता म्हणाले, “तरी मी म्हणत होतो!” आणि सगळ्यांबरोबर मीही हसलो. नीचपणा तो नीचपणा. माझं पुस्तक निघालं, मी प्रपाठक झालो.

पाच-सहा वर्षांनी चाचा स्टँडवर भेटले. लेकीकडं मलकापूरला निघाले होते. डोळे कसे आहेत म्हणून विचारलं.

“डाक्टर म्हणतोय, काय झालं न्हाय, चष्म्यानं भागंल. त्येला काय कळतंय आमच्या कामातलं? तुमी वक्ताला सांगितलासा, सर. न्हायतर कुणाकुणाची पुस्तकं नासवली असती मी. उपकार झालं बगा.”

माझ्या हातात त्या वर्षीच्या प्रकाशन समारंभाची निमंत्रणपत्रिका होती. चाचा समोरून, उलट्या बाजूनंच ती वाचत होते. कंपोझिटरला उलटं-सुलटं सारखंच. एकदम त्यांचं बोट पत्रिकेच्या तळाला, बारक्या टायपावर थांबलं.

“सर, हितं ‘प्रर्थनीय’ दिसतंय मला. काना न्हाय. तुमास्नी बी तसंच दिसतंय का?”

मी पाहिलं. काना नव्हता. पत्रिका सगळ्या विभागांत वाटून झाली होती, एकाही विद्वानाच्या लक्षात आलं नव्हतं.

ते माझ्या तोंडाकडं बघत होते. ‘हो’ म्हटलं असतं तर त्यांना डोळे परत मिळाले असते. पण मग पुढचा प्रश्न मुरगूडचा होता.

“नाही चाचा,” मी म्हणालो. “काना आहे.”

“वाटलंच मला.” त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. तेवढ्यात मलकापूरची गाडी लागली.

“जरा हात धरून पायरीपर्यंत सोडा की, सर.”

मी हात धरला आणि त्यांना पायरीपर्यंत सोडलं.